अण्णांचा नारळ

मराठी विभागासाठी लेख दे असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीचं मराठी कसं असतं ते आमच्या फ्लोअरवर सगळ्यांना माहीत आहे. "एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइनच ना?" असं मी अजूनही विचारते. पण गेल्या डिसेंबरात एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये जे झालं ते इंग्लिशमध्ये लिहायला बसले आणि जमेचना. पाणाड्याला इंग्लिशमध्ये डाउझर म्हणतात. आता डाउझर म्हटल्यावर धोतर-टोपीतले, तळहातावर नारळ आडवा धरून वावरातून चालणारे माझे अण्णा कसे डोळ्यांसमोर येणार?

अण्णा म्हणजे माझे आजोबा. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर आमचं गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण नदीचं गाव म्हणून आमचं नाव कुणी घेणार नाही. वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. त्यामुळे गावात पाणाड्याला मान. अण्णा पैसे घेत नाहीत, चहासुद्धा जागा दाखवून झाल्यावरच पितात. नारळ आडवा धरून चालायचं, जिथे तो हातावर उभा राहील तिथे बोअर मारायचा.

यंदा आमचा सात दिवसांचा कॅम्प नेमका माझ्याच गावात लागला. मुलांच्या वाट्याला शोषखड्डे आले, आणि मी सिव्हिलची म्हणून सरांनी मला शाळेत पाठवलं. "सहावी-सातवीला जमीन, खडक, पाणी असं काहीतरी शिकव." जिऑलॉजीच्या व्हायवाला मला बसाल्ट ओळखता आला नव्हता, हे सरांना माहीत नसावं.

वर्ग अर्धा रिकामा होता. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आईबापांबरोबर पोरंही जातात. आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली अठरा पोरं समोर बसली होती. मी फळ्यावर 'इग्नियस रॉक' लिहिलं आणि पहिल्याच वाक्याला अडकले. इग्नियसला मराठीत काय म्हणतात? मागून एक पोरगी शांतपणे म्हणाली, "अग्निजन्य खडक, ताई." झाली शोभा!

मग फळा सोडला आणि सगळ्यांना घेऊन गावच्या जुन्या विहिरीवर गेले. हे मला सुचलं म्हणून सांगत नाही, पळवाट म्हणून गेले. पण विहीर म्हणजे उघडं पडलेलं पुस्तकच निघालं. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा भोकाभोकांचा दगड, एक विटकरी लाल पट्टा आणि त्याखाली काळा कातळ. पुस्तकात ज्याला व्हेसिक्युलर बसाल्ट म्हणतात त्याला पोरं 'मांजऱ्या' म्हणतात, विहीर खणणाऱ्यांकडून आलेला शब्द. आमच्या चार वर्षांच्या कोर्समध्ये हा शब्द कुणी मला सांगितला नसता.

मी त्यांना माझ्याकडचं सांगितलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एका थराचा वरचा भाग थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. थराच्या मध्यभागी घट्ट गोठला तो पाषाण. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला तेव्हा माती तयार झाली आणि वरून पुढचा लाव्हा आल्यावर ती भाजली, तो लाल पट्टा. इडली मधून तोडली की जाळी दिसते तसा मांजऱ्या, असंही सांगितलं. (आपल्या मेसची इडली पाषाण प्रकारात मोडते, हे तिथे बोलले नाही.) पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि कातळाच्या फटींत. खाली अखंड पाषाण लागला की पाचशे फूट जा नाहीतर आठशे, फट मिळाली तरच पाणी.

"म्हणजे खाली नदी वाहत नाही?" एकाने विचारलं. गावात सगळे 'झरा' म्हणतात, आणि मोठ्यांच्या बोलण्यात तो बोटाएवढ्या नळासारखा शेताखालून गेलेला असतो. नाही म्हटलं. त्यावर तो जे बोलला तिथून सगळं सुरू झालं.

"मग अण्णांचा नारळ कशानं उभा राहतो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांची नात हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, माहीत नाही, बघावं लागेल. पोरं लगेच, "बघू की!"

इथे घरची गोष्ट सांगायला हवी. काकांचे दोन बोअर फेल गेलेत. दोन्ही जागा अण्णांनीच दाखवलेल्या, आणि दुसऱ्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही. तिसरा मारायचा घाट चालू होता, जागाही ठरली होती, तिथे दगड रोवला होता. घरात यावर कुणी बोलत नव्हतं. जेवताना भाकरीचा आवाज ऐकू यायचा. त्यामुळे रात्री अण्णांना विचारताना माझ्या पोटात गोळा आला होता. ते एवढंच म्हणाले, "पोरांना बघायचंय का? मग येतो." काकू मात्र स्वयंपाकघरातून बघत राहिली.

रीत पोरांनी आणि मी मिळून ठरवली. दहा डबे, वर पोती. प्रत्येक डब्यासाठी नाणं उडवायचं, छापा आला तर पाणी, काटा आला तर वाळू. भरणारी दोन पोरं भरून झाल्यावर वर्गात जाऊन बसणार. अण्णांबरोबर चालणाऱ्यालाही कशात काय आहे ते माहीत नसावं, म्हणजे त्याच्या तोंडावरून कळायला नको. ही शेवटची अट माझी नव्हती, सातवीतल्या पोरीची होती. तिचं म्हणणं, "मास्तर तोंडी गणित विचारताना बरोबर उत्तराला भुवई वर करतात, ताई." याला मोठमोठ्या प्रयोगांत 'डबल ब्लाइंड' म्हणतात हे मी तिला सांगितलं. तिला फारसं काही वाटलं नाही.

आधी डबे उघडे ठेवले. पाण्याच्या प्रत्येक डब्याजवळ नारळ झोकात उभा राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "असाच उठतो ना अण्णा, की काही कमीजास्त?" मी विचारलं. "असाच," अण्णा म्हणाले.

मग पोती टाकली. पहिल्या फेरीत दहापैकी चार बरोबर. नाणी पुन्हा उडवली, दुसरी फेरी, पाच. वीसात नऊ. त्यानंतर एका वात्रट पोराने नारळ न घेता, हात मागे बांधून, नुसत्या अंदाजाने वीस सांगितले. त्याचे अकरा आले!

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं पोरं हसतील.

अण्णा पारावर बसले. बराच वेळाने म्हणाले, "डब्यातलं पाणी मेलेलं असतंय. भुईतलं जितं असतंय." मला उत्तर येत होतं. उघड्या डब्यावर मग नारळ कसा उठला? पण मी ते बोलले नाही, आणि चूक केली की बरोबर हे अजून ठरत नाही. मी एवढंच सांगितलं की ते मुद्दाम हलवत नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. मनात जे असतं त्याप्रमाणे हाताचे स्नायू आपल्या नकळत हलतात, कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्येच हे मांडलं होतं. १९९० साली जर्मनीत कासल इथे तीस पाणाड्यांची अशीच परीक्षा झाली, तेही सगळे प्रामाणिक होते, आणि तिथेही अंदाजाच्या पुढे कुणी गेलं नाही. "तीस जण?" अण्णांनी विचारलं. त्यांना जरा बरं वाटलं असावं.

कॅम्पच्या उरलेल्या दिवसांत आम्ही एकच काम केलं. सुतळीला दगड बांधून, फुटाफुटावर गाठी मारून, गावातल्या सहा विहिरींची पाणीपातळी मोजली आणि वहीत लिहिली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरी ठेवून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात हेच करते. पोरांनी दर पंधरवड्याला मोजायचं ठरवलं. त्यांना ते खेळासारखं वाटतंय, टिकेल तेवढं टिकेल.

काकांनी फेब्रुवारीत तिसरा बोअर मारलाच. अण्णांच्या दगडावर नाही, शेजारच्या गावातल्या पाणाड्याने दाखवलेल्या जागेवर. एकशे ऐंशी फुटांवर दीड इंच पाणी लागलं! काकांचा फोन आला, "काय गं इंजिनिअर?" मी अभिनंदन केलं. खरंच आनंद झाला होता, कर्जाचा विचार करून. पण चार दिवस चिडचिड होत राहिली, सबमिशनमध्ये लक्ष लागेना. शेवटी शाळेत फोन लावला आणि त्या सातवीतल्या पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "एकावरून कसं कळंल? गावातले सगळे बोअर लिहायलोत आम्ही. कोणी दाखवला, किती फूट, पाणी का धूळ. न विचारता मारलेले बी लिहायलोत, नाहीतर ताडून काय बघायचं?"

आणि अण्णा रोज संध्याकाळी शाळेच्या पारावर बसून त्यांना आठवून आठवून जागा सांगतात, असं कळलं. पाणी लागलेल्याच नाही, सगळ्या. आमच्या वावरातल्या दोन्हीसुद्धा.

परवा त्यांना विचारलं, किती झाल्या.

"एकोणसाठ."

"म्हणजे फिफ्टी नाइन ना, अण्णा?"

"तेच ते. साठाला एक कमी."

त्यातल्या फेल किती, हेही विचारलं. "पोरं मोजायलेत," म्हणाले, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.