उलटणे, पालटणे, फिरवणे

इंग्रजी भाषेतील काही शब्द गरीब गृहस्थाच्या घरातील एकुलत्या एका पातेल्यासारखे असतात. त्यातच पाणी तापते, त्यातच डाळ शिजते आणि वेळप्रसंगी त्यातच दूधही विरजते. ‘टर्न ओव्हर’ हा असाच एक शब्द. वस्तूची खालची बाजू वर करणे एवढाच त्याचा साधा अर्थ. परंतु पुस्तकाचे पान, निजलेल्या माणसाची कूस, रस्त्यात उपडी झालेली मोटार, मनात घोळणारा विचार आणि पोलिसांच्या स्वाधीन केलेला चोर ह्या साऱ्यांना तो एकटा पुरतो. दोन शब्दांमधली जागा काढून टाकली की तोच दुकानदाराची वर्षाची विक्री होतो, कारखान्यातील माणसांचे येणेजाणे होतो. आणि सफरचंदाचे सारण भरून दुमडलेला, आपल्या करंजीच्या विलायती बहिणीसारखा दिसणारा एक खाद्यपदार्थही होतो.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. १९६३ च्या राजभाषा अधिनियमान्वये अधिसूचना, सर्वसाधारण आदेश वगैरे कागद इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढावे लागतात. त्यामुळे दोन भाषांचे शब्द दिवसभर माझ्या टेबलावर शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि तिसरी भाषा माझ्या डोक्यात गुपचूप त्यांच्याकडे पाहत असते. २०१७ च्या वस्तू व सेवा कर अधिनियमात विक्रीच्या ‘टर्नओव्हर’ला हिंदीत ‘आवर्त’ असा शब्द योजला आहे. व्युत्पत्तीने तो निर्दोष आहे. संस्कृतातील ‘वृत्’ म्हणजे फिरणे ह्या धातूपासून तो आला. पण मराठी कानाला आवर्त म्हणजे पाण्यातला भोवरा! माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला चाळीस लाख रुपयांच्या वर गेले की नोंदणी करावी लागते. त्याला त्या शब्दात खरोखरच भोवरा दिसला, तर त्याला कोण हसेल?

मराठीत आपण ह्यालाच ‘उलाढाल’ म्हणतो. ह्या शब्दात नुसती बेरीज नाही. माणसांची धावपळ आहे, खटपट आहे, थोडीशी लबाडीही आहे. म्हणून तर राजकारणातही ‘उलाढाली’ चालतात. माणसे बदलण्याला आपली वर्तमानपत्रे ‘खांदेपालट’ म्हणतात. पालखीचे भोई दमले की खांदा बदलतात. मंत्रिमंडळातील बदलाला तोच शब्द लावताना पालखी मात्र तीच राहते, हेही तो शब्द न बोलता सांगून जातो.

घरातील व्यवहारात तर मराठी अधिकच काटेकोर होते. पान आपण उलटतो, भाजी परततो, झोपेत कूस बदलतो, घागर पालथी घालतो. गाडी कलंडते आणि राज्य उलथते. दिवस पालटतात. विचार मनात घोळतो. ज्याने भाकरी उलटायची त्या साधनाला ‘उलथने’ असे स्वतंत्र नाव आहे. क्रिया एकच, पण काय उलटले, कोणत्या हाताने, मुद्दाम की चुकून, हे सारे आपले क्रियापद आधीच विचारून घेते.

पहाडगंज-करोलबागेतील जुन्या मराठी घरांपासून नोएडा-द्वारकेतील नव्या सदनिकांपर्यंत हा काटेकोरपणा हळूहळू पातळ होत चालला आहे. आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. माझी आठ वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून सांगते, “आई, भाकरी पलट ना, जळेल!” तिचे पुस्तकाचे पानही पलटते, रिक्षाही पलटते आणि मैत्रीण बोलल्याप्रमाणे वागली नाही की तीही पलटते. तिची आजी म्हणते, “अगं, भाकरी उलटायची असते.” त्यावर मुलगी विचारते, “पण आजी, जळली तर नाही ना? मग झालं की!” ह्या युक्तिवादाला आजीजवळ उत्तर नसते. खरे सांगायचे तर माझ्याजवळही बराच काळ नव्हते. भाकरी वेळेवर उलटली गेली, तर ती कोणत्या क्रियापदाने उलटली, ह्याचा हिशेब कोणी कशासाठी ठेवावा?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या कोड्याने सुचवले. दिल्लीत निजामुद्दीन अवलियांच्या दर्ग्यात त्यांच्या शेजारीच अमीर खुसरोची कबर आहे. १२५३ ते १३२५ हा त्याचा काळ. त्याच्या नावावर लोक असंख्य हिंदवी कोडी सांगतात. ती सारी त्याचीच, असे पंडित खात्रीने म्हणत नाहीत. त्यांतले एक आपल्याकडेही घरोघर ठाऊक आहे. भाकरी का करपली, विड्याचे पान का सडले आणि घोडा का अडला, असे तीन प्रश्न, आणि तिन्हींचे उत्तर एकच: फिरवले नाही म्हणून. तव्यावरची भाकरी वेळेवर उलटावी लागते. पानवाल्याला टोपलीतील पाने रोज खालीवर करावी लागतात, नाहीतर एका कुजक्या पानापायी सगळी टोपली जाते. तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्याला रोज रपेट घडवली नाही, तर तो ऐन वेळी पाऊल उचलत नाही.

गंमत अशी, की इंग्रजीचे ते सर्वव्यापी ‘टर्न ओव्हर’ इथे अपुरे पडते. भाकरी आणि पान त्यात बसतात, घोडा बसत नाही. उलट, एरवी एवढी काटेकोर असणारी मराठी इथे एकाच ‘फिरवण्या’त तिघांनाही सामावून घेते. म्हणजे शब्द अनेक असणे ही श्रीमंती नव्हे, आणि एक असणे हे दारिद्र्यही नव्हे. कोठे पसरावे आणि कोठे आवळून घ्यावे, हे प्रत्येक भाषेने शतकानुशतके स्वतःच्या हातांनी ठरवलेले असते. ते ठरवणे मुलांच्या हाती येत नाही, तेव्हा जे हरवते ते एक क्रियापद नसते. त्या कोड्यावर हसण्याचा अधिकार हरवतो. ज्या मुलीला ‘फिरवणे’ हा शब्द फक्त बागेत नेण्यापुरता माहीत आहे, तिला घोडा का अडला हे कसे कळावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, १९५४ नंतर प्रथमच, दिल्लीत भरले. तालकटोऱ्याच्या मंडपात डॉ. तारा भवाळकर अध्यक्षपदी होत्या. आम्हा दिल्लीकर मराठी माणसांना त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटणे योग्यच होते. परंतु सन्मान म्हणजे टोपलीवर घातलेले ओले फडके. त्याने पाने टवटवीत दिसतात; आत हात घालून ती खालीवर करण्याचे काम त्याने होत नाही. ते काम ओट्याशी, जेवताना, मुलांशी भांडताना, रोजच्या रोज करावे लागते.

दिलेला शब्द फिरवणारा माणूस मराठीत विश्वासाला पात्र ठरत नाही. मात्र घरातले शब्द जो कधी तोंडात फिरवतच नाही, त्याच्या घरी भाषेची भाकरी एका बाजूने कच्ची राहते आणि दुसऱ्या बाजूने करपते. आणि ते का झाले, ह्याचे उत्तर दिल्लीच्या त्या जुन्या कोड्यात आहेच.