बारावीचे मार्क गेले कुठे?

माणला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जून-जुलैत पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रीमिलेअर आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे फॉर्म, सगळं एकदमच येतं.

२०२५ च्या प्रवेशाला एक ताई मुलीला घेऊन आल्या. मूळच्या धाराशिवकडच्या, नवरा चाकणला कंपनीत कंत्राटी. मुलीला बारावीला ८६ टक्के, सीईटीला ७४ पर्सेंटाइल. मेरिट नंबर पाच आकडी. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

“भाऊ, ह्यात ८६ कुठं दिसंनात?”

दिसणार कसे? ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० मिळाले, की बारावीचं काम संपलं. पुढची रांग सीईटीच्या पर्सेंटाइलवर. दोघांचे सारखेच निघाले, तर आधी गणित, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री बघतात. तरी बरोबरी सुटली नाही, तर बारावी. शंभरातली ७४ पोरं तिच्या मागं आहेत म्हटल्यावर ताईंचा चेहरा खुलला. उरलेली २६ म्हणजे राज्यात किती, हे पोरीनं मोबाइलवर काढलं आणि ती गप्प झाली.

२०१४ ला बारावीला निम्मं वजन होतं, निम्मं जेईई मेनला. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली आणि बारावी नुसती पात्रतेपुरती उरली. तेव्हापासून माझ्याकडे येणारी निम्मी पोरं ज्युनिअर कॉलेजात फक्त नावाला असतात, दिवसभर क्लासला. ही मात्र रोज कॉलेजात जायची. प्रॅक्टिकलची जर्नल्स पूर्ण, क्लास परवडत नव्हता. चुकलं तर मार्क कापतील या भीतीनं तिनं गणिताचे बरेच प्रश्न कोरे सोडले होते. तसं नसतं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

तिला फक्त कॉम्प्युटर हवं होतं. मी खाली मेकॅनिकलही टाकायला लावलं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, तर तो घ्यावाच लागतो, म्हणून क्रम तीनदा तपासला. अखेर मेकॅनिकल लागलं. ओबीसी, त्यात उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणून मुलींसाठीच्या २०२४ च्या सरकारी निर्णयानं ट्यूशन फी माफ. ताईंना पर्सेंटाइलपेक्षा ही ओळ जास्त कळली.

सगळं बोर्डावर सोडा असं मी म्हणणार नाही. परीक्षा केंद्रांवर काय काय चालतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण दोन वर्षांच्या अभ्यासाला निदान चौथा हिस्सा तरी वजन असावं. तो नियम येईल तेव्हा येईल. तोवर आईबापांनो, अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न त्यातले असतात. आणि चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा पोरांना एकही प्रश्न कोरा सोडू देऊ नका.