कृष्णाकाठचा माणूस, आटपाडीचं पाणी

चि. ताईस,


नागनाथअण्णा नायकवडींवर दीडशे शब्दांची टीप लिहायचीय, मुद्दे सांग, असं तू फोनवर म्हणालीस. मुद्दे तुझ्या क्लासच्या पुस्तकात असतीलच. जन्म १५ जुलै १९२२, वाळवा, तेव्हाचा सातारा जिल्हा. प्रतिसरकार. पद्मभूषण २००९. निधन २२ मार्च २०१२, नव्वदीला जेमतेम चार महिने कमी. एवढ्यावर मार्क मिळतील. पण उद्या तू कुठल्यातरी तालुक्याच्या कचेरीत खुर्चीवर बसणार, म्हणून थोडं जास्त लिहितोय. यातलं परीक्षेत काही येणार नाही.

आपल्याकडे अण्णांचं नाव निघालं की माणसं थेट चिमठाण्याला पोचतात. १४ एप्रिल १९४४. धुळ्याकडचा सरकारी खजिना, साडेपाच लाख रुपये, इकडून गेलेली पोरं, त्यांत कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि आपले अण्णा. मग अटक, आणि साताऱ्याचा तुरुंग फोडून निसटणं. गोष्ट आहेच तशी, सांगणाऱ्याला चेव येतो. पारावर मी ती इतक्या तऱ्हांनी ऐकलीय की प्रत्येक खेपेला पोलिसांची संख्या वाढलेली असते. चालायचंच. पण ही सगळी दोन-तीन वर्षांची हकीकत. त्यानंतर हा माणूस पासष्टहून जास्त वर्षं जगला. त्या वर्षांचं काय, असं विचारलं की लोक 'कारखाना काढला' एवढं म्हणून तंबाखू मळायला लागतात.

प्रतिसरकार म्हणजे तरी काय होतं? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं १९४३ ते १९४६ गावोगाव जे चाललं, त्यात न्यायदान मंडळं होती. बांधाचे, गहाणवटीचे, सावकारीचे तंटे तिथे मिटायचे. दारूबंदी होती, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं होती, वाचनालयं होती. खबऱ्यांचे तळवेही फोडले गेले. ज्यांचे फुटले त्यांच्या घरी हा इतिहास वेगळा सांगतात, जयंतीच्या भाषणात तो येत नाही. विशी-बाविशीतली ही पोरं कचेरी, ठाणं आणि कोर्ट एकदमच चालवत होती. अण्णांना तेव्हा जी सवय जडली ती पुढे सुटलीच नाही असं मला वाटतं. गावाचं काम सरकार करील म्हणून वाट बघत बसायचं नाही, आणि सरकारात जाऊन बसायचीही घाई करायची नाही. वसंतदादांसारखे त्या चळवळीतले लोक पुढे काँग्रेसमधून मोठ्या पदांवर गेले, दादा तर मुख्यमंत्री झाले. अण्णा बाहेर राहिले. १९८५ मध्ये वाळव्यातून अपक्ष आमदार झाले खरे, पण त्या पदानं त्यांना कुणी ओळखत नाही.

कारखान्याचं नाव मात्र नीट बघ. फेब्रुवारी १९४५ मध्ये शिराळ्याच्या डोंगरात, मणदूरकडे, पोलिसांशी चकमक झाली. तीत किसन अहीर आणि पंजाबातून आलेले नानकसिंग मारले गेले. पुढे ऐंशीच्या दशकात वाळव्यात साखर कारखाना उभा राहिला, त्याला नाव दिलं हुतात्मा किसन अहीर. आपल्या भागात कारखान्यांना कुणाकुणाची नावं असतात ते तुला ठाऊक आहे, जास्त बोलत नाही. उसाच्या दराचा विषय निघाला की शेजारच्या कारखान्यांचे सभासदसुद्धा 'हुतात्मा'चा दाखला द्यायचे.

आता मला खरं सांगायचंय ते पाण्याचं.

वाळवा कृष्णाकाठी. काळी जमीन, बारमाही ऊस. तिथून आटपाडी गाठायला एसटीला फार वेळ लागत नाही, पण पाण्याच्या हिशेबानं तो दुसरा देश. कुसळं, मेंढरं, टँकर. तिकडच्या बापांनी मुंबईच्या गिरण्यांत जन्म काढला, पोरं सोन्याचांदीच्या गलाईला देशभर पांगली. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं होतं. ते वापरात आणायला मे २००० ही मुदत समोर दिसत होती, आणि धरणं, कालवे रखडलेले. १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली. अण्णा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. बरोबर बापू लाड, डॉ. भारत पाटणकर आणि सांगली, सातारा, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं. पुढे परिषदा दरवर्षी भरत राहिल्या. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि टेंभूसारख्या उपसा योजनांना गती आली. त्यात मुंबईत विधानसभेतल्या आमदारांच्या आकड्यांचं राजकारण होतंच, सगळं श्रेय परिषदेला देऊ नकोस. पण रेटा होता तो या लोकांचा.

मागणी काय होती ते वाच. पाणी एकरावर नको, कुटुंबावर द्या. सगळ्यांना सारखं. ज्याला जमीन नाही त्यालाही. आणि हे मागणारा माणूस साखर कारखान्याचा संस्थापक! त्याचे सभासद उसावर जगणारे, आणि ऊस किती पाणी पितो ते तुला मी सांगायला नको. सारखं वाटप झालं तर पहिली झळ त्याच्याच लोकांना. चिमठाण्याला समोर इंग्रज सरकार होतं, इथे समोर स्वतःचेच मतदार. मला विचारशील तर हे धाडस मोठं. आपल्याच घरात बघ ना. तुझ्या आजोबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद झालं, ते एकमेकांच्या मुलांच्या लग्नातही सुरू झालं नाही. आणि हा माणूस वरच्या टोकाला बसून म्हणतो, शेवटच्या टोकाच्या भूमिहीनाला माझ्याएवढं द्या.

झालं का तसं? पाणी गेलं, उशिरा गेलं, पण गेलं. मागणीतलं 'सारखं' मात्र कालव्याच्या वाटेवर बरंचसं मुरलं. पाणी पोचलं तिथे पुष्कळ ठिकाणी मागोमाग ऊसही पोचला. पाटकरी, अभियंता, पुढारी, मोठा बागायतदार, सगळे त्याला कारण आहेत. तू अधिकारी झालीस की हीच फाइल तुझ्या टेबलावर येईल, तेव्हा कोणाचा फोन आधी येतो ते बघ.

धरणग्रस्तांचंही तसंच. मणदूरच्या त्याच खोऱ्यात वारणेवर चांदोलीचं धरण झालं आणि ज्या डोंगरांनी भूमिगतांना लपवलं होतं तिथलीच गावं उठवावी लागली. अण्णा उतारवयातही त्यांच्या पुनर्वसनासाठी मोर्चे काढत होते.

टिपेत 'त्यागमूर्ती' वगैरे घालू नकोस. त्या शब्दांनी माणूस पुतळ्यात जातो आणि त्याची मागणी अर्जातच राहते. चिमठाणं एका ओळीत उरक, जागा पाण्याला दे. परीक्षक नाखूश झाला तर माझं नाव सांग.

दिवाळीला आलीस की वाळवा करून विट्यावरून आटपाडीला जाऊ, गाडी मी काढतो. वाटेत टेंभूचं पाणी कुठे वळलंय ते तुझ्याच डोळ्यांनी बघ. आईला सांग, या वर्षीची हळद दोन किलो पाठवलीय, डबा रिकामा झाला की परत हवाय, मागच्या वेळचाही तिच्याकडेच आहे.

तुझा,
मामा