गुदाफबद्दल बोललेलं वाक्य

10 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिकची महिलांची पंधराशे मीटरची फायनल. इथिओपियाची गुदाफ त्सेगाय सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे निघाली आणि अखेर बारावी, म्हणजे शेवटची आली. दुसऱ्या दिवशी मैदानावर मी मुलांना म्हणालो, "असं पळायचं नसतं. डोकं वापरायचं असतं."

ते वाक्य मला परत घ्यायचं आहे.

मीही पंधराशे पळायचो. पुढच्याच्या पाठीशी राहा, वारा त्याला झेलू दे, दम शेवटच्या दोनशेसाठी ठेव, हीच आमची शिकवण. मीही तीच पुढे दिली.

मग 2022च्या युजीनमधल्या जागतिक स्पर्धेच्या शर्यती मी पुन्हा पाहिल्या. पंधराशेत गुदाफने पहिला फेरा एकोणसाठ सेकंदांच्या आत काढला. केनियाची फेथ किपयेगोन मागे चिकटून राहिली आणि 3:52.96 मध्ये जिंकली, गुदाफला 3:54.52 मध्ये रौप्य. पाचच दिवसांनी पाच हजारची फायनल. तिथे फेथ नव्हती. गुदाफ घोळक्यात शांत राहिली, शेवटच्या फेऱ्यात सुटली आणि सुवर्ण घेऊन गेली. म्हणजे थांबणं तिला येत होतं. मला डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं ते एवढंच: पंधराशेत फेथच्या शेवटच्या दोनशेपुढे कुणाचं चालत नाही. तिच्या मागे दम राखून पळणं म्हणजे दुसऱ्या नंबरासाठी पळणं. सोनं हवं असेल तर तिला आधीच दमवायला हवं. गुदाफ त्यासाठी पळत होती.

पॅरिसमध्ये आदल्याच रात्री ती दहा हजार मीटर, पंचवीस फेरे पळून सहावी आली होती. त्याआधी पाच हजारची फायनलही झाली होती. तीन शर्यतींचा तो हट्ट मला आजही पटत नाही. पण पंधराशेच्या त्या फायनलमध्ये पहिल्या चौघी 3:53च्या आत आल्या, फेथने ऑलिंपिक विक्रम केला, त्या वेगाची सुरुवात गुदाफने करून दिली होती. मी मुलांना फक्त तिचा नंबर सांगितला.

आमच्याकडे एक मुलगी पहिल्या फेऱ्यापासून पुढे पळते. दोन वर्षं मी तिला मागे ओढतोय. तिचे शेवटचे दोनशे मी कधी घड्याळावर घेतलेच नव्हते. काल घेतले.