शोकाच्या सावलीतले वयात येणे

वयात येण्याच्या कादंबरीतील परात्मता, म्हणजे आपल्याच माणसांत आणि त्यांच्या व्यवहारांत परके होऊन बसण्याची अवस्था, बहुधा बंडखोरीच्या खाती जमा केली जाते, परंतु जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) शेजारी ठेवून वाचल्या, की या तुटलेपणाच्या तळाशी शोक असल्याचे ध्यानात येते. शाळेतून काढला गेलेला सॅलिंजर यांचा सोळा वर्षांचा नायक होल्डन कॉलफील्ड न्यूयॉर्कमध्ये भटकताना मोठ्यांच्या ढोंगावर तोंडसुख घेतो, पण रक्ताच्या कर्करोगाने गेलेला धाकटा भाऊ ॲली त्याच्या मनातून हलत नाही. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर सगळ्याचीच टिंगल करतो, मात्र धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते तेव्हा त्या टिंगलीचे कवच निरुपयोगी ठरते. दोन्ही कादंबऱ्यांचे निवेदन प्रथमपुरुषी, म्हणजे नायकाच्याच तोंडून झालेले असल्यामुळे वाचकाला उपहास आधी ऐकू येतो आणि त्यामागची वेदना उशिरा कळते. फरक आहे तो परतीचा: होल्डनला थोपवायला धाकटी बहीण फीबी असते, तर पांडुरंगाला वडिलांचा शब्द चालणाऱ्या घरी परतावे लागते, आणि म्हणून ‘कोसला’मध्ये मोठे होणे म्हणजे त्याच घराशी नाइलाजाने केलेली तडजोड ठरते.