साहेब पडले, बरे झाले!



तीस वर्षे मी तुमच्या बांधावर येतो आहे. कधी नवे बियाणे घेऊन, कधी नवे अवजार घेऊन. आणि दर वेळी माझे एक वाक्य ठरलेले असते, "घाबरू नका, एकदा करून तर बघा!" हे वाक्य ऐकणाऱ्याच्या पोटात काय होते, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो जून २०१९ मध्ये करावा लागला, आणि तोही सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या एका धबधब्याच्या काठी, गवतावर पालथा पडल्यावर!

आमची थोरली लेक आणि जावईबापू तेव्हा मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात राहत होते. मी अर्जित रजा टाकली आणि आम्ही उभयता महिनाभर त्यांच्याकडे जाऊन राहिलो. हे शहर मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. गावाच्या मधोमध सेंट अँथनी नावाचा धबधबा आहे. एवढ्या मोठ्या मिसिसिपी नदीवर नैसर्गिक असा मोठा धबधबा हाच एक. एके सकाळी लेक म्हणाली, "बाबा, आज धबधबा बघायला जाऊ. पण पायी नाही आणि मोटारीनेही नाही. सेगवेवर!"

सेगवे म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्या सायकलीची चाके एकामागे एक असतात. हिची शेजारी शेजारी, बैलगाडीसारखी. मध्ये उभे राहायला फळी आणि समोर धरायला एक दांडा. बसायला जागा नाही, ब्रेक नाही, पायाने दाबायचे काही नाही. पुढे झुकले की गाडी पुढे जाते, मागे रेलले की थांबते, दांडा डावीकडे कलवला की डावीकडे वळते. गाडी बॅटरीवर चालते आणि ताशी वीस किलोमीटरपर्यंत धावू शकते.

मग दोन चाकांवर ती उभी कशी राहते? तुम्ही लहानपणी तळहातावर काठी उभी धरली असेल. काठी ज्या बाजूला झुकते त्या बाजूला आपण हात नेतो, म्हणून ती पडत नाही. या गाडीचे तसेच आहे. माणूस किती झुकला हे आतली यंत्रे क्षणोक्षणी मोजतात आणि मोटार तेवढीच चाके त्याच्या खाली सरकवते. माणूस म्हणजे काठी, गाडी म्हणजे तळहात.

आम्हा आठदहा जणांना शिकवायला एक मुलगी होती, जेमतेम वीस-बावीस वर्षांची. तिने सर्वांना शिरस्त्राणे घातली आणि आधी मोकळ्या जागेत सराव सुरू केला. आमच्या मंडळी पहिल्याच झटक्यात फळीवर चढल्या आणि संथपणे चालू लागल्या! मी थक्क झालो. त्या म्हणाल्या, "अहो, डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढले आहे मी. हे काय अवघड आहे?"

मग माझी पाळी आली. मी बीएस्सी ॲग्री. यंत्राचे तत्त्व मला सगळ्यांच्या आधी कळले होते. पण फळीवर पाऊल ठेवले आणि ती जिवंत असल्यासारखी हलली. मी घाबरून दांडा अंगाशी ओढला. गाडी मागे गेली, मी पुढे वाकलो, ती पुढे आली, आणि दुसऱ्या क्षणी मी गवतावर होतो. लागले फारसे नाही. पण मान वर करून पाहिले तेव्हा मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की आता ही मंडळी हसणार.

कोणी हसले नाही. ती मुलगी धावत आली. मला उठवले आणि म्हणाली, "यात तुमची चूक नाही. पायांना अजून गाडीवर भरवसा नाही, आणि तो सांगून येत नाही. मी दांडा धरते. तुम्ही फक्त समोरच्या झाडाकडे बघा." आणि ती दांडा धरून माझ्याबरोबर चालू लागली. वीस पावले झाली, चाळीस झाली. मग तिने हात कधी सोडला ते मला कळलेच नाही.

बंधूंनो, त्या चाळीस पावलांत मला आमच्या तालुक्यातले एक नाना आठवले.

१९९८ सालचा खरीप होता. मी नवा होतो, अंगात उत्साह होता. सोयाबीनच्या पेरणीसाठी ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र घेऊन गावात प्रात्यक्षिक ठेवले होते. शंभरेक माणसे जमली होती. नाना सत्तरीचे, सगळ्या गावात तिफणीवर त्यांच्यासारखा हात नाही असे लोक सांगत. त्यांनी विचारले, "साहेब, चाड्यावर माझी मूठ असते, बी किती पडतंय ते मला हाताला कळतं. तुमच्या यंत्रात बी पडलं का नाही, आणि किती खोल पडलं, ते कळायचं कसं?"

प्रश्न सरळ होता. मला उत्तर येत नव्हते. म्हणून मी म्हणालो, "नाना, तुम्ही बसा घरी जात्यावर दळत. आम्ही आपले गिरणीत जातो!"

सगळी माणसे खदाखदा हसली. नानांनी टोपी सारखी केली, काठी उचलली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते माझ्या एकाही बैठकीला आले नाहीत. आठ दिवसांनी पाहतो तो प्रात्यक्षिकाच्या रानात दोन तासे मोकळी. यंत्राच्या दोन नळ्या ओल्या मातीने तुंबल्या होत्या आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. इतर तासांतही बी कुठे दोन-तीन इंच खोल गेले होते. सोयाबीनचे बी दीड इंचाच्या आसपासच पडावे लागते, खोल गेले की उगवण मार खाते. नानांनी नेमके तेच विचारले होते. मी त्यांच्याकडे जायला हवे होते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत गेलो नाही. २०११ साली नाना वारले.

आणि योगायोग पाहा! ज्या धबधब्यावर मी आलो होतो, तो जगात गाजला तो गिरण्यांमुळेच!

आमचा तांडा नदीवरच्या जुन्या दगडी कमानींच्या पुलावर आला. हा पूल १८८३ साली आगगाडीसाठी बांधला. आता त्यावरून माणसे आणि सायकली जातात. तिथून धबधबा समोर दिसतो. खरे सांगायचे तर माझी थोडी निराशा झाली. कड्यावरून कोसळणारे पाणी मनात होते, इथे तर धरणाच्या सांडव्यासारख्या काँक्रीटच्या उतारावरून पाणी घसरत होते. असे का, ते त्या मुलीने सांगितले.

इथले मूळ रहिवासी डकोटा लोक. त्यांचे या जागेला ओवामनियोमनी असे नाव आहे, आणि ही जागा त्यांना पवित्र आहे. १६८० साली हेनेपिन नावाचा पाद्री इथे आला आणि त्याने आपल्या संताचे नाव दिले. मग पाण्याच्या जोरावर लाकूड कापण्याचे आणि पीठ दळण्याचे कारखाने उभे राहिले. धबधब्याचा वरचा थर चुनखडीचा, खाली मऊ वालुकाश्म. आणखी पाणी हवे म्हणून काही लोकांनी नदीच्या तळाखालून बोगदा खणायला घेतला. ऑक्टोबर १८६९ मध्ये नदी त्या बोगद्यात घुसली आणि धबधबाच ढासळू लागला. गावातली माणसे झाडे, दगड, मिळेल ते टाकून भगदाड बुजवायला धावली. डागडुजी पुढे कित्येक वर्षे चालली आणि शेवटी धबधब्याला काँक्रीटचे अंगरखे घालावे लागले. जमिनीच्या पोटातले पाणी आपणही ओरबाडतोच आहोत. वरचा थर टणक दिसतो म्हणून खालचाही टणक असेल, असे धरून चालू नये.

१८८० ते १९३० या काळात मिनियापोलिस ही जगातली पिठाची राजधानी होती. तिथला गहू कठीण दाण्याचा. जात्याच्या दगडांत त्याचा कोंडा फुटून पिठात मिसळे आणि पीठ काळपट होई. मग चाळण आणि वारा यांच्या साह्याने रव्यातून कोंडा उडवून देणारे यंत्र निघाले, दगडांच्या जागी पोलादी रूळ आले, आणि त्याच गव्हाचे पांढरेशुभ्र पीठ निघू लागले. तुम्ही खळ्यावर वारे बघून उफणता, तीच युक्ती!

काठावर वॉशबर्न गिरणीच्या पडक्या भिंती आहेत. तिथे आता संग्रहालय आहे. भरात असताना ही गिरणी दिवसाला १ कोटी २० लाख पाव होतील इतके पीठ दळत असे. पण तिच्या जागेवरची आधीची गिरणी २ मे १८७८ रोजी स्फोटाने उडाली आणि १८ माणसे मेली. दारूगोळा नव्हता. हवेत तरंगणारी पिठाची धूळ होती आणि दगडांची ठिणगी पडली. ज्यांच्या घरी पिठाची गिरणी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोंदट खोलीत धूळ साठू देऊ नये, रोज झाडावी, आणि तिथे विडीकाडी मुळीच पेटवू नये.

पुढे नदीतल्या बोटींसाठी बांधलेले मोठे दरवाजे दिसले. ते जून २०१५ मध्ये कायमचे बंद केले आहेत. कारण ऐकून मी चकित झालो. आपण शेततळ्यात जो सिल्व्हर कार्प मासा सोडतो, तोच आणि त्याचे भाऊबंद तिकडच्या नदीत सुटले आहेत आणि तिथल्या माशांचे अन्न खाऊन टाकतात. ते वरच्या नद्यांत जाऊ नयेत म्हणून वाहतूकच बंद! एका ठिकाणचे वरदान दुसऱ्या ठिकाणी संकट होते ते असे.

पुलावरून परतताना जावईबापूंनी नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवले. तिकडे मिनेसोटा विद्यापीठ आहे. माझे हात आपोआप जोडले जाणार होते, पण दांडा सोडायची छाती झाली नाही! डॉ. नॉर्मन बोरलॉग तिथेच शिकले. १९३३ साली हा शेतकऱ्याचा मुलगा प्रवेश परीक्षेत नापास झाला होता. विद्यापीठाच्याच दुसऱ्या एका कॉलेजातून त्याने वाट काढली, आणि १९४२ साली डॉक्टर झाला. पुढे त्यांनी मेक्सिकोत गव्हाच्या बुटक्या जाती तयार केल्या. त्यातले १८ हजार टन बियाणे १९६६ साली भारताने आणले. कल्याण सोना, सोनालिका ही नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील. १९७० साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल मिळाले. नापास झालेल्या पोराला कोणी हसून घरी पाठवले असते, तर?

आता सेगवेचे पुढे काय झाले तेही सांगतो. डीन केमन यांनी ही गाडी डिसेंबर २००१ मध्ये जगापुढे आणली तेव्हा शहरांचे रस्तेच बदलून जातील असे बोलले गेले. यंत्र खरोखर हुशार होते. पण किंमत सुमारे पाच हजार डॉलर, आणि ज्याला दोन पाय आहेत त्याला तिची गरज काय, हे कोणाला पटवता आले नाही. २०२० च्या जुलैत तिचे उत्पादन बंद झाले. यंत्र चांगले असणे निराळे आणि माणसाला ते हवे असणे निराळे.

गावी परतल्यावर पहिल्याच रविवारी मी नानांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा आता साठीचा आहे. ओसरीवर चारदोन माणसे बसली होती. ती उठायच्या आत मी बोलून टाकले, "नानांचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हते म्हणून मी त्यांची चेष्टा केली. त्यांच्या हयातीत हे सांगायला हवे होते. आज तुमच्यापाशी सांगतो."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, नाना त्या दिवशी जेवले नाहीत. पण यंत्राला नावं नाही ठेवली त्यांनी. म्हणायचे, यंत्र चांगलं आहे, पण नळ्या बघत मागं एक जाणता माणूस चालला पाहिजे. पुढं आम्ही यंत्रानंच पेरलं आणि मागून नाना चालायचे."

मी खाली मान घालून चहा घेतला. सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

तेव्हापासून माझ्या प्रात्यक्षिकात यंत्रामागे एक जाणता माणूस चालतो. तो दर काही अंतरावर माती उकरून बी किती खोल पडले ते बोटाने मोजतो आणि नळ्यांवर नजर ठेवतो. तुम्हीही येत्या पेरणीला असा माणूस जरूर ठेवा. आणि कोणी साहेब नवे काही घेऊन आला, तर मनातला प्रश्न मोठ्याने विचारा. तो हसला तर त्याला उत्तर येत नाही, असे खुशाल समजा. आणि त्याला म्हणावे, "साहेब, आधी दांडा धरून चार पावले आमच्याबरोबर चाला."