वेणीचे ऋण

लांब काळ्याभोर केसांवरून खाली उतरत जाणारी मंद लहर पाहणाऱ्याला निसर्गदत्त वाटते, आणि तशी ती वाटावी यातच ती घडविणाऱ्या हातांचे कौशल्य आहे. परंतु अशा प्रत्येक लहरीच्या मागे काही काळ सोसलेले एक बंधन असते, आणि ते सुटल्यावरही केसांनी जपून ठेवलेली त्याची आठवण म्हणजेच ती लहर होय.

ज्या घरात तापत्या चिमट्याने कधी पाऊल टाकले नाही, तिथेही हे मर्म ठाऊक असते. शिकेकाईने न्हाऊन झाल्यावर, केसांत किंचित ओल उरलेली असतानाच, मोठे पेड घेऊन सैलसर वेणी घालावी, रात्र तिच्या हवाली करावी, आणि सकाळी ती उलगडून, बारीक दातांच्या फणीच्या वाटेस न जाता, नुसत्या बोटांनी केस मोकळे करावेत, एवढाच तो विधी. पेड जितके जाड, तितकी लहर रुंद व संथ. पेड बारीक आणि घट्ट झाले, की तिचे माधुर्य जाऊन नुसता कुरळेपणा उरतो. केस फार लांब असले तर त्यांचा भारच वरची वळणे ओढून सरळ करतो, आणि लहर गालाच्या खालीच काय ती नांदते.

शास्त्राच्या दप्तरात या किमयेची नोंद अशी आहे, की केस हा मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्यातील साखळ्यांना जोडणारे हायड्रोजनचे दुबळे बंध पाण्याने सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. उष्णतेनेही हेच घडते; म्हणूनच चिमट्यातून निघालेली बट गार होईपर्यंत तिला हात लावू नये. मात्र पाण्याच्या साक्षीने झालेला हा करारनामा पाणीच रद्द करते, आणि कोकणातल्या आषाढात, हवेवर ओलाव्याचा अंमल असताना, सकाळची लहर दुपारपर्यंत टिकली तरी पुष्कळ.

या क्षणभंगुरतेचा बंदोबस्त करण्याचे प्रयत्न पाश्चात्त्यांनी नेटाने केले. पॅरिसमधील मार्सेल ग्रातो याने 1872 च्या सुमारास तापविलेल्या चिमट्याने घालावयाच्या लहरी प्रचारात आणल्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल नेसलर या जर्मन कारागिराने लंडनमध्ये, वरून टांगलेल्या यंत्राच्या तापत्या पितळी सळयांभोवती केस गुंडाळून, रसायनांच्या साहाय्याने कायमची लहर घालण्याची तजवीज केली. तीत केसांतील गंधकाचे बळकट बंधच बदलत असल्याने ती लहर पाण्याला दाद देत नाही; परंतु मुळाशी उगवणाऱ्या नव्या केसांवर कोणाचेच फर्मान चालत नाही, आणि काही महिन्यांत त्या कायमपणाचीही मुदत संपते.

अशा वेळी मला मेघदूतातील यक्षपत्नीचे स्मरण होते. विरहाच्या पहिल्या दिवशी तिने बांधलेली एकवेणी वर्षभराचा शाप सरल्यावर यक्षाने स्वहस्ते सोडावयाची आहे. परंतु काव्य त्यापूर्वीच संपते, आणि त्या केसांचे पुढे काय झाले हे कालिदास सांगत नाही. वर्षभर बांधलेले ते केस सुटल्यावर सरळ खचितच राहिले नसतील. तिने जे जे सोसले त्याचे वळण त्यांत उमटले असेल, आणि यक्षाला ते सौंदर्य म्हणूनच दिसले असेल.

कायमच्या लहरीपेक्षा एका रात्रीची लहर मला अधिक रसिक वाटते ती याचकरिता. ती पुन्हा हवी तर वेणी पुन्हा घालावी लागते. आणि लांबसडक केसांची वेणी नीट घालायची तर पाठीमागे दुसऱ्या कुणाचे तरी हात असावे लागतात.